सुपरकॉम्प्युटरचा प्लंबर

मार्च महिना, रात्रीचे दोन. हॉस्टेलमध्ये त्या वेळी दोनच आवाज असतात. एक कॉरिडॉरच्या टोकाला गळणारा नळ आणि दुसरा आमच्या रूममधल्या मशीनचे पंखे. त्या रात्री पंख्यांचा आवाज एकदम चढला आणि गप्प झाला. स्क्रीन काळा. पार्टनरने बटण दाबलं, मशीन उठलं आणि दीड मिनिटात परत झोपलं. तिसऱ्या वेळी मी घाईघाईने तापमान बघितलं. प्रोसेसर 98 अंशांवर आणि आकडा चढतोच आहे! प्रोजेक्ट सबमिशनला नऊ दिवस राहिले होते आणि उसाच्या पानांवरचे रोग ओळखायला आम्ही जे मॉडेल शिकवत होतो ते निम्म्यावर येऊन थांबलं होतं.

हे मशीन वॉटर कूलिंगचं. पास होऊन गेलेल्या एका सिनिअरकडून आम्ही चौघांनी वर्गणी काढून घेतलेलं. ज्यांनी असलं काही पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याचा एक पोकळ ठोकळा बसवलेला असतो. त्यातून पाणी फिरतं, उष्णता घेतं, नळीवाटे रेडिएटरमध्ये जातं, तिथे पंखे त्याला गार करतात. मग एका छोट्या टाकीत, टाकीखालच्या पंपात आणि पुन्हा ठोकळ्याकडे. गाडीच्या इंजिनाचं असतं तेच. मी ठोकळ्याजवळच्या नळीला हात लावला, चटका बसला. रेडिएटरला हात लावला, थंडगार. म्हणजे पाणी होतं, पंखे होते, पण पाणी जागचं हलत नव्हतं. पंप गेला होता.

का गेला ते सकाळी उघडल्यावर कळलं. या पंपात बाहेरून आत जाणारा शाफ्ट नसतो, त्यामुळे सील नाही आणि गळतीही नाही. इम्पेलर चुंबकाच्या ओढीवर फिरतो आणि ज्या इवल्याशा सिरॅमिकच्या गोळीवर तो टेकलेला असतो तिला वंगण म्हणजे आतलं पाणीच. त्या गोळीवर आणि तिच्या खाचेत पांढरा, खरखरीत थर बसला होता. आता गुन्हा कबूल करतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर टाकीतलं पाणी कमी दिसलं म्हणून मी ते टॉप-अप केलं होतं, मेसच्या मागच्या नळाच्या पाण्याने. बोअरच्या! ज्या पाण्याने आपल्या बादल्या पांढऱ्या होतात आणि गीझरची कॉइल वर्षाला बदलावी लागते त्याच पाण्याने. लिंबाच्या रसात भिजवून थर निघाला, पण गोळी झिजली होती. पंप फिरायचा, घरघरायचा, अडकायचा. नवीन मागवला. चार दिवस लागतील असं कळलं.

पार्टनर चार दिवस माझ्याशी मोजकंच बोलला. मी लायब्ररीत जाऊन बसलो आणि कॉम्प्युटर थंड ठेवायची ही भानगड मुळात सुरू कुणी केली ते शोधायला लागलो. तिथे मला सीमोर क्रे भेटला.

कॉम्प्युटरच्या मंडळींना हे नाव माहीत असतं. आम्हा मेकॅनिकलवाल्यांना सहसा नसतं आणि ही आपली चूक आहे, कारण हा माणूस अर्धा आपला होता. जगातले सगळ्यात वेगवान कॉम्प्युटर त्याने बनवले हे खरं, पण स्वतःला तो जादा पगार घेणारा प्लंबर म्हणवून घेत असे असं सांगतात. गंमत म्हणून म्हणत असेल, पण त्याची मशीन्स एकेक करून बघितली की हे फारसं खोटं वाटत नाही. (मी त्याला अरे-तुरे करतोय. चार दिवसांत तेवढी जवळीक झाली.)

सीमोर रॉजर क्रे याचा जन्म 28 सप्टेंबर 1925 चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या चिपेवा फॉल्स या लहान गावातला. नदीकाठचं, हिवाळ्यात गोठणारं गाव. वडील सिव्हिल इंजिनिअर. घराच्या तळघरात मुलाला तारा-बॅटऱ्यांचा पसारा मांडायला त्यांनी मोकळीक दिली होती. दहाव्या वर्षी या पोराने खेळण्यातल्या मेकॅनो-छाप सुट्या भागांतून असं यंत्र केलं की ते कागदी पट्टीवरची भोकं वाचून मोर्स कोडचे कट्ट-कडकट्ट सूर काढी. 1943 साली शाळा संपली आणि सरळ सैन्यात. आधी युरोपात रेडिओ ऑपरेटर, नंतर फिलिपिन्समध्ये जपानी सांकेतिक संदेश फोडण्याच्या कामावर. युद्ध संपल्यावर मिनेसोटा विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि 1951 मध्ये उपयोजित गणितात मास्टर्स.

पहिली नोकरी सेंट पॉल शहरातल्या एका कंपनीत, जिचा कारखाना युद्धकाळात लाकडी ग्लायडर बनवायचा. तिथे नौदलासाठी कॉम्प्युटर होत. पुढे ती कंपनी दोनदा विकली गेली, वर साहेबांचे थर वाढले, आणि 1957 मध्ये विल्यम नॉरिस आणि काही सहकाऱ्यांनी बाहेर पडून कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन काढलं. क्रे थोडा मागून गेला, हातातलं काम संपवून. तिथलं त्याचं पहिलं मोठं मशीन 1604, व्हॅक्यूम ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारं. ते 1960 मध्ये बाहेर पडलं आणि चांगलं खपलं.

यश आलं की मीटिंगा येतात. क्रेला मीटिंगा, अहवाल, पाहुणे यांचा भयंकर कंटाळा. त्याने मालकांना पटवून 1962 मध्ये आपली प्रयोगशाळाच मुख्यालयापासून दूर, चिपेवा फॉल्सला, घराशेजारच्या जागेत नेली. पंचवार्षिक आणि वार्षिक उद्दिष्टं लिहून द्या असं वरून आलं तेव्हा त्याने कळवलं की पाच वर्षांत जगातला सगळ्यात मोठा कॉम्प्युटर बनवणं हे पंचवार्षिक उद्दिष्ट, आणि त्यातला एक पंचमांश भाग पुरा करणं हे वार्षिक. आपल्याकडे असा प्रोग्रेस रिपोर्ट गाइडसमोर ठेवायची हिंमत कुणाची आहे?

आता मुख्य गोष्टीकडे येतो. कॉम्प्युटर वेगवान करायचा तर तो गरम का होतो? याचं उत्तर फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये आहे. प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण 30 सेंटिमीटर जातो, म्हणजे आपली शाळेतली फूटपट्टी. तारेतून जाणारा सिग्नल याहून हळूच. तेव्हा मशीनचा ठोका थोड्या नॅनोसेकंदांवर आणायचा असेल तर त्यातली कुठलीही तार फार लांब असून चालणार नाही. तारा आखूड म्हणजे भाग जवळ जवळ, भाग दाटीवाटीने म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त उष्णता, आणि मधे वारा शिरायला फटही नाही. क्रेचं सगळं आयुष्य या एका अडचणीभोवती फिरलं. दर मशीनला ठोका लहान होत गेला आणि दर मशीनला नळ्या वाढत गेल्या.

1964 मध्ये आलेल्या 6600 चा ठोका 100 नॅनोसेकंदांचा. सुमारे 4 लाख ट्रान्झिस्टर, सगळे गच्च कोंबलेले. पंख्याने भागणार नाही हे उघड होतं. क्रेने डीन रूश नावाचा रेफ्रिजरेशनचा जाणकार हाताशी घेतला आणि कॉम्प्युटरच्या कपाटात फ्रीजसारख्या फ्रिऑनच्या नळ्या फिरवल्या. मशीन सेकंदाला सुमारे 30 लाख आकडेमोडी करू लागलं आणि पुढची पाच वर्षं जगात त्याच्यापुढे कुणी गेलं नाही. तेव्हाच्या बलाढ्य आयबीएमचे प्रमुख वॉटसन यांनी 1963 मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना एक चिडलेलं पत्र लिहिलं होतं, ते प्रसिद्ध आहे. आपली एवढी प्रचंड कंपनी आणि त्या प्रयोगशाळेत झाडूवाला धरून फक्त 34 माणसं, मग आपण मागे पडलोच कसे, हा त्याचा आशय.

पुढचं 7600, साल 1969, ठोका 27.5 नॅनोसेकंद. वेगवान पण नाजूक. त्याच्या पुढचं 8600 तर उभंच राहिना. दाटी इतकी की एक भाग बिघडला तरी सगळं ठप्प. क्रेने सांगितलं, हे मोडून पहिल्यापासून सुरू करू. कंपनीकडे तेवढे पैसे नव्हते, दुसऱ्या एका मशीनवर ते गुंतले होते. 1972 मध्ये तो बाहेर पडला आणि क्रे रिसर्च ही स्वतःची कंपनी काढली. मला इथे आवडलेली गोष्ट अशी की ज्या कंट्रोल डेटाला सोडून तो गेला तिनेच नव्या कंपनीत थोडे पैसे घातले. भांडण न करता नोकरी सोडण्याची कला त्याला जमत असावी.

आता क्रे-1. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

आम्ही ज्याला सुपरकॉम्प्युटर म्हणतो त्याचं मनातलं चित्र या मशीनवरून आलेलं आहे. माणसाहून उंच, इंग्रजी सी अक्षरासारखं वाकलेलं कपाट आणि खालून गोल बाक, वर गादी. बाक शोभेचा नाही, त्याच्या आत पॉवर सप्लाय. आणि सी आकारही शोभेचा नाही. गोलाच्या आतल्या बाजूला तारा जोडल्या की त्या आखूड राहतात. कुठलीही तार 4 फुटांपेक्षा लांब नाही. ठोका 12.5 नॅनोसेकंद. वजन साडेपाच टन आणि विजेचा खप 115 किलोवॅट. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते. आपल्या हॉस्टेलमध्ये पाणी गरम करायचे रॉड असतात ना (वॉर्डन सर, कुणाकडे ते नाही सांगत), तसे दीड हजार वॅटचे 75 रॉड एका कपाटात भरून चोवीस तास चालू ठेवले तर होईल तेवढी.

ती काढायची कशी? दोन सर्किट बोर्डांमध्ये तांब्याचा पत्रा. चिपांची उष्णता पत्र्यात, पत्र्याच्या कडा कपाटाच्या उभ्या ॲल्युमिनियमच्या दांड्यांत घट्ट बसवलेल्या, दांड्यांच्या पोटातून स्टेनलेस स्टीलची नळी आणि नळीतून फ्रिऑन. कागदावर अगदी सरळ. हीट ट्रान्सफरच्या पेपरला पाच मार्कांचा प्रश्न म्हणून शोभेल. प्रत्यक्षात पहिलं मशीन सहा महिने उशिरा पूर्ण झालं ते चिपांमुळे नाही, प्रोग्रॅममुळे नाही, या नळ्यांमुळे. फ्रिऑनमध्ये कॉम्प्रेसरसाठी थोडं वंगणाचं तेल मिसळलेलं असतं. ते जोडांतून हळूहळू झिरपे, बोर्डांवर त्याचा थर जमे आणि शेवटी शॉर्ट सर्किट. जगातल्या सगळ्यात हुशार मशीनसमोर लोक वेल्डिंगवर डोकं खाजवत बसले होते. नव्या पद्धतीने जोड वेल्ड करायला शिकावं लागलं, तेव्हा गळती थांबली. नवी कंपनी, विकायला एकही मशीन नाही, पैसे संपत आलेले, आणि सहा महिने गळती!

1976 मध्ये पहिलं क्रे-1 लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत सहा महिन्यांच्या ट्रायलवर गेलं. 1977 मध्ये कोलोरॅडोतल्या हवामान संशोधन केंद्राने 88 लाख 60 हजार डॉलर मोजून एक घेतलं, ते पहिलं पैसे देणारं गिऱ्हाईक. ही मशीन्स डझनभर खपली तरी पुष्कळ अशी समजूत होती. खपली 80 च्या वर.

हे वाचलं त्या संध्याकाळी कुरिअर आलं. पंप मिळाला.

आता आमचं वेल्डिंग. जुनं पाणी काढायला मशीनला नळच नव्हता, तेव्हा आख्खं कपाट तिरकं धरून बादलीत ओतलं. पाण्याचा रंग ताकासारखा. रेडिएटर डिस्टिल्ड पाण्याने, म्हणजे बॅटरीवाल्याकडे मिळतं त्याने, पाच वेळा खळखळून धुतला. तांब्याचा ठोकळा उघडून त्यातल्या केसाएवढ्या खाचा जुन्या टूथब्रशने साफ केल्या. नवीन पंप टाकीखाली बसवला, कारण हा पंप कोरडा फिरला की दोन मिनिटांत गोळी जाते, त्याच्या डोक्यावर कायम पाणी हवं. पाणी भरलं. मग पार्टनर म्हणाला की लाव मशीन, चार दिवस गेलेत. आणि मी म्हणालो नाही. मदरबोर्डला वीज न देता फक्त पंप चालवायचा, सगळ्या जोडांखाली टिश्यू पेपर ठेवायचे, आणि चोवीस तास बघायचं. त्यासाठी पॉवर सप्लायच्या मोठ्या प्लगमधली हिरवी आणि काळी वायर यांत एक तार अडकवली की तो एकटा चालू होतो. (जुना सप्लाय, म्हणून वायरी रंगीत. नव्यांत सगळ्या काळ्या असतात, तिथे आधी माहितीपत्रक बघा.)

पार्टनरचं म्हणणं पडलं की सबमिशन तुझ्या एकट्याचं नाही. बरोबरच होतं. बोअरचं पाणी घालणाऱ्याने आता काळजीच्या गोष्टी सांगाव्यात हे त्याला कसं पटावं? मी त्याला क्रेचे सहा महिने सांगितले. त्याच्यावर काही परिणाम झाला नाही, पण तो झोपायला गेला. साधारण तीन तासांनी ग्राफिक्स कार्डाच्या वरच्या जोडाखालचा टिश्यू ओला दिसला. रुपयाएवढा डाग. फिटिंग काढलं तर आतली रबरी रिंग एका बाजूला चिमटली गेली होती. मशीन चालू असतं तर ते पाणी थेट कार्डावर उतरलं असतं आणि ते कार्ड आमच्या चौघांच्या वर्गणीपेक्षा महाग आहे. रिंग बदलली आणि घड्याळ पुन्हा शून्यापासून लावलं.

तर त्या दुसऱ्या चोवीस तासांत मी क्रे-2 वाचला.

क्रे-1 चालला म्हणजे माणसाने त्याचीच सुधारलेली आवृत्ती काढावी. क्रेला ते जमत नसे. प्रत्येक वेळी कोरी पाटी. तो दर वर्षी नवी होडी बांधायचा आणि जुनी जाळून टाकायचा अशी एक गोष्ट त्याच्याबद्दल सांगतात. खरी किती, वाढवलेली किती, देव जाणे. पण स्वभाव तोच. 1980 च्या सुमाराला त्याने कंपनीची प्रमुखपदं सोडायला सुरुवात केली, कंत्राटी डिझायनर झाला आणि क्रे-2 च्या मागे लागला. या वेळी ठोका 4 नॅनोसेकंदांच्या आसपास आणायचा होता. बोर्ड एकमेकांवर आठ-आठ रचलेले, मधे पत्रा घालायलाही जागा नाही. अनेक रचना करून झाल्या, सगळ्या उष्णतेपाशी अडल्या.

शेवटी त्याने जे केलं ते आपण व्हायव्हात सांगितलं तर एक्स्टर्नल हसतील. त्याने आख्खा कॉम्प्युटर द्रवात बुडवला. पाण्यात अर्थातच नाही. थ्री-एम कंपनीचा फ्लुओरिनर्ट नावाचा द्रव, ज्यातून वीज वाहत नाही आणि जो कशाशी रासायनिक झगडा करत नाही. तो बोर्डांच्या मधून सेकंदाला साधारण एक इंच इतक्या सावकाश गतीने फिरे, चिपांना सरळ स्पर्श करत. मग पंप त्याला उष्णता बदलणाऱ्या यंत्रात नेई, तिथे थंड पाणी त्याची उष्णता काढून घेई. मशीनशेजारी पारदर्शक टाक्या, त्यांत हा द्रव खळाळताना दिसे. लोक त्याला बबल्स म्हणत. दुरुस्ती करायची तर आधी सगळा द्रव टाक्यांत उपसायचा आणि मगच हात घालायचा.

1985 मध्ये ते बाहेर आलं. सेकंदाला 190 कोटी आकडेमोडी, आणि जागा लागे साधारण एका पलंगाएवढी. साडेपाच टनांचं वजन अडीचावर आलं. मला हे मशीन सगळ्यात जास्त आवडतं, पण बाजाराला ते तितकंसं आवडलं नाही. कारण क्रेच्याच कंपनीतल्या स्टीव्ह चेनने क्रे-1 ची रचना पुढे नेत 1982 मध्ये एक्स-एमपी काढलं होतं, प्रोसेसर एकाऐवजी अनेक. ते आधी आलं, जास्त विकलं गेलं आणि वापरायलाही सोयीचं. क्रे आपल्याच घरात मागे पडत होता. याच काळात ॲपलने डिझाइनच्या कामाला एक क्रे विकत घेतला हे कुणीतरी त्याला सांगितलं, तेव्हा तो हसून म्हणाला म्हणे की मी तर पुढच्या क्रेचं डिझाइन ॲपलच्या मशीनवर करतोय.

इथे गोष्ट आपल्या गावाकडे येते. एक एक्स-एमपी भारतातही आलं, 1980 च्या दशकाच्या अखेरीला, दिल्लीत, हवामानाच्या अंदाजासाठी. पण बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला हवं असलेलं क्रे अमेरिकेने दिलं नाही. अण्वस्त्रांच्या कामी वापराल ही भीती. त्यातून 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि विजय भटकरांच्या हाताखाली 1991 मध्ये परम 8000 उभा राहिला. क्रेने आयुष्यभर जो रस्ता नाकारला तो परमचा रस्ता. क्रेचं मत असं होतं की शेत नांगरायचं तर दोन दमदार बैल घ्यावेत, हजारभर कोंबड्या जुंपून काय होणार? परममध्ये अशा कोंबड्याच होत्या, ट्रान्सप्युटर नावाच्या छोट्या छोट्या चिपा, शेकड्याने जोडायच्या. नांगरट झाली!

शेतकऱ्याच्या घरातला मुलगा म्हणून मला क्रेची उपमा पटते, पण काळ कोंबड्यांच्या बाजूने होता हेही मान्य करावं लागतं. आज जी मशीन्स पहिल्या नंबरासाठी भांडतात त्यांत प्रोसेसर हजारोंनी असतात. नळ्या मात्र क्रेच्या राहिल्या. अमेरिकेतलं फ्रंटियर, ज्याने 2022 मध्ये एक्झाफ्लॉपची रेषा पहिल्यांदा ओलांडली, ते पाण्यावरच थंड राहतं आणि त्याचे पंप साडेतीनशे अश्वशक्तीचे आहेत. पुण्यात आयसरमधला परम ब्रह्मसुद्धा द्रवानेच थंड केलेला.

क्रेचं शेवटचं प्रकरण वाचताना मात्र मला त्रास झाला. क्रे-3 साठी त्याने सिलिकॉन सोडून गॅलियम आर्सेनाइड धरलं. चिपा वेगवान, पण बनवायला महाकठीण. ठोका 2 नॅनोसेकंद. मॉड्यूल इतके बारीक की ते जुळवायला रोबो लागले. कंपनीला एकाच वेळी दोन मोठी मशीन्स परवडेनात, तेव्हा 1989 मध्ये क्रेची वेगळी कंपनी करण्यात आली, कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात. स्वतःच्या नावाच्या कंपनीतून बाहेर पडून त्याने स्वतःच्या नावाची दुसरी कंपनी चालवायची! उशीर होत गेला. 1991 मध्ये पहिल्या गिऱ्हाइकाने ऑर्डर रद्द केली. शीतयुद्ध संपलं होतं, सरकारी प्रयोगशाळांचे हात आखडले होते, आणि साध्या मायक्रोप्रोसेसरांच्या झुंडी दर वर्षी स्वस्त होत होत्या. 1993 मध्ये एक क्रे-3 हवामान केंद्रात गेलं, तेही वापरून बघा म्हणून. तेवढं एकच. मार्च 1995 मध्ये दिवाळं निघालं. तेव्हा क्रे-4 अर्ध्याहून पुढे गेलेलं होतं.

एकोणसत्तर वर्षांचा माणूस. तीस वर्षं जगात पहिला. आता हातात काही नाही. आपल्यातले कितीतरी जण एका बॅकलॉगने कोसळतात (मी धरून). क्रेने ऑगस्ट 1996 मध्ये एसआरसी नावाची नवी कंपनी काढली आणि पुन्हा कोरी पाटी घेतली. या वेळी तो चक्क अनेक प्रोसेसरांचं मशीन करणार होता. म्हणजे कोंबड्याच, पण त्यांनी एकमेकींशी पटकन बोलावं कसं, यावर त्याला विचार करायचा होता. त्याबद्दल फारसं लिहिलेलं मिळत नाही, कारण 22 सप्टेंबरला कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळच्या हायवेवर त्याच्या जीपला अपघात झाला. दोन आठवडे तो दवाखान्यात होता. 5 ऑक्टोबर 1996 ला गेला.

त्याच्याबद्दलची आणखी एक गोष्ट राहिली. कंपनीत त्याच्याबरोबर अनेक वर्षं काम केलेले जॉन रोलवॅगन ती सांगत. चिपेवा फॉल्सच्या घराखाली क्रे हाताने बोगदा खणत असे. एखादी अडचण सुटेना की जाऊन खणत बसायचं. तो खणत असताना मागे जंगलातली भुतंखेतं ऑफिसात येतात आणि उत्तर ठेवून जातात, असं तो म्हणे. बोगदा खरा होता.

आमचे दुसरे चोवीस तास रविवारी सकाळी संपले. टिश्यू कोरडे. मधे मशीन डावीकडे, उजवीकडे कलवून आत अडकलेली हवा टाकीत आणली होती, कारण पंपात बुडबुडा राहिला की तो किरकिरतो आणि पाणी ढकलत नाही. मदरबोर्डची वायर परत लावली. मॉडेल जिथे थांबलं होतं तिथून उचललं. पूर्ण लोडवर 61 अंश, आणि तासाभराने बघितलं तरी 61. सबमिशनला दोन दिवस होते आणि हिशेबाने छत्तीस तासांचं काम.

टाकीवर आता एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, पार्टनरच्या अक्षरात. तिच्यावर माझं नाव आहे आणि बोअरच्या नळाचं चित्र काढून त्यावर फुली मारलेली आहे.